गिटारवाल्याला काढलं कोणी

जगात जेवढे म्हणून पॉप आणि रॉक अल्बम निघतात त्यांचा शेवटचा निकाल शेलूबाजारला लागतो, आणि तो लावतात माझे साडू. विलायतेत, अमेरिकेत आधी कोण काय म्हणालं असेल ते असो. हायवेच्या कडेला, खताच्या दुकानाला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये, जळालेल्या मोटरींच्या ढिगात बसून माझे साडू मान हलवत नाहीत तोवर तो अल्बम, निदान माझ्या दृष्टीनं, लटकलेलाच असतो. त्यांचा धंदा मोटर वायंडिंगचा. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळाली की ती उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश पाजायचं आणि चालवून परत द्यायची. 'ऑन', 'ऑफ', 'फेज' आणि 'गॅरंटी नाही' एवढ्यावर त्यांचं इंग्रजी संपतं. पण इंग्रजी गाण्यांबद्दल इतकं ठणकावून बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सुरुवात मात्र दर वेळी एकाच वाक्यानं. "सर, आपन काही शौकीन मानूस नाही. कामात असतो, कानावर पडते, म्हनून सांगून राह्यलो." एवढं ते म्हणाले की समोरच्यानं पाऊण तास मोकळा काढून ठेवावा.

मी कामरगावला शाळेत शिकवतो. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली. म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते, नातं बाजूला ठेवून, मला सर म्हणतात. महिन्यातून एखाद्या रविवारी कारंज्याला गाडी बदलून मी त्यांच्याकडे जातो. बायकोला वाटतं मी तिच्या बहिणीच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी जातो. ते अगदीच खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

भाऊंना हा नाद लागला तो कॅसेटींच्या एका खोक्यामुळे. फार वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामावर दूर दक्षिणेकडचा एक तरुण इंजिनीअर आला होता आणि भाऊंच्या शेजारी खोली करून राहिला होता. त्याची बदली झाली तेव्हा जीपमध्ये सामान मावेना. शेगडी न्यावी की कॅसेटी असा पेच पडला आणि त्यानं शेगडी नेली. त्या माणसाची निवड साफ चुकली असं भाऊंचं आजही मत आहे. खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी इंग्रजी. नावं वाचता येईनात, म्हणून भाऊंनी कव्हरावरची चित्रं पाहून आपली नावं ठेवली. टेकडीवर एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती ती 'खुर्ची'. हातात मासा धरलेल्या बाईची 'मासोळीवाली'. उपड्या नावेवर चार दाढीवाले बसले होते, ते 'चौघं भाऊ'. हे चौघं सख्खे भाऊ आहेत हे भाऊंनी कशावरून ठरवलं देव जाणे, पण एकदा ठरवल्यावर त्यांना त्या अल्बमचा सगळा उलगडा झाला. "पयल्या बाजूले आयका, चौघंयी एकत्र हायत. एका चुलीवर जेवतेत. आता पलटवा. हे पाहा, हिस्से झाले. जो तो आपापल्या वावरात वाजवून राह्यला." मी कान देऊन ऐकलं आणि सांगायला शरम वाटते, पण मला खरोखरच दुसऱ्या बाजूला वाटणी ऐकू आली.

अल्बमला मार्क द्यायची त्यांची पद्धत एचपीची, मोटरीची ताकद मोजतात तशी. 'खुर्ची' साडेसात एचपी. मासोळीवाली पाच, कारण "गळा गोड हाय, पन पानी वरपर्यंत नाही चढवत." चौघं भाऊ पहिल्या बाजूला साडेसात आणि दुसऱ्या बाजूला तीन. एकदा माझ्या मुलीनं, ती पुण्याला शिकते, सध्या गाजत असलेल्या कुणा गायकाचा नवा अल्बम त्यांना मोठ्या अपेक्षेनं ऐकवला. भाऊंनी तो शेवटपर्यंत ऐकला. अर्धवट ऐकून मत देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मोटर तासभर चालवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत, तोच कायदा इथेही. मग म्हणाले, "अर्धा एचपी. कुलरच्या टपातला पंप हाय बाई हा. गार हवा येते, पीक नाही येत." पोरगी दोन दिवस मावशीकडे नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाबा, पण ते बरोबर बोलले का हो?"

त्यांचं तपासायचं हत्यार म्हणजे पेचकस. मोटर चालू करायची, पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानाशी धरायची. उजवा हात बटणावर, पेचकस डाव्या हातात. आतलं बेरिंग घासतंय की बुश ढिला झालाय, हे त्यांना वैद्याला नाडीतून कळावं तसं कळतं. नवा अल्बम आला की हाच पेचकस स्पीकरच्या खोक्याला लागायचा. मग निदान व्हायचं. ओरडणाऱ्या गायकाबद्दल: "याची लाइन दबलेली हाय, व्होल्टेज नाही पुरत, म्हनून ताकद लावून राह्यला." ढोलवाल्यावर त्यांची सगळ्यात जास्त माया. "समदे इकडून तिकडं पयतेत, हा मातर जाग्यावर बसून काम करते. थ्रेशरवर असाच मानूस पाह्यजे." एका नावाजलेल्या मंडळींच्या दुसऱ्या अल्बमबद्दल ते जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: "पयला यायनं उपाशी असताना केला, हा जेवल्यावर केला. आवाजात ढेकर हाय."

मोटर न्यायला आलेल्या शेतकऱ्याची सुटका नसे. "बसा, एक बाजू होऊ द्या" म्हणून त्याला स्टुलावर बसवलं जाई आणि कॅसेट संपली की मत द्यावं लागे. बहुतेक जण "चांगलं हाय" म्हणून मोटर उचलत. पण मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या म्हाताऱ्यानं एकदा भाऊंना पेचात पकडलं. मासोळीवालीचं एक गाणं ऐकून त्यानं विचारलं, "बाई कायले रडून राह्यली?" भाऊ म्हणाले, "नवरा सोडून गेला असन." म्हातारा म्हणाला, "मंग हे मागचे वाजवनारे कायले खुश हायत?" पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा मासोळीवाली पाचावरून चारावर आली होती.

मानोऱ्यालाच त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी डीजेवाल्याच्या डब्यांची 'लोड टेस्ट' घ्यायच्या निमित्तानं भाऊंनी फोनवरून अख्खी 'खुर्ची' लावली. पहिली दोन गाणी पोरं नाचली, कुणाचं लक्षही गेलं नाही. तिसरं गाणं मात्र संथ आहे, लांबलचक आहे आणि त्यात मध्येच कुणीतरी हळू आवाजात नुसतं हुंकारत राहतं. मांडव गार पडला. बायकांच्या हातातली हळद हातातच राहिली. नवरीकडचे एक मामा लगबगीनं आत आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?" भाऊ म्हणाले, "कोनी नाही गेलं. चवथं गानं येऊ द्या." डीजेवाला हात जोडत होता, की मधलं एक उडवू द्या. भाऊ हटले नाहीत. "मधलं काहाडलं तं चवथ्याले अर्थ काय राह्यला?" आणि चौथं आलं. मी शपथेवर सांगतो, सगळ्यात आधी नाचायला उठले ते टोपीवाले मामा.

आता एक गोष्ट सांगतो ती भाऊंनी सांगू नका म्हणून बजावलेली आहे. 'खुर्ची'च्या शेवटच्या गाण्यात गिटारचा एक आवाज घुं घुं करत वाढत जातो, कानठळ्या बसाव्यात इतका. संगीतकारांनी तो मुद्दाम ठेवला असणार. पण मोटरवाल्याच्या कानाला घुं हा दोष. भाऊंनी कॅसेट उघडली, तेवढी फीत मोजून कापली आणि कॉइलला गुंडाळायच्या पट्टीनं बारीक जोड दिला. जोड इतका सुरेख की ते गाणं शेलूबाजारात वर्षानुवर्षं दुरुस्त अवस्थेत वाजलं. पुढे फोनवर मूळचं ऐकायला मिळालं तेव्हा भाऊ थक्क झाले. "सर, इतके वर्स झाले, यायनं अजून तो फाल्ट नाही काहाडला?"

फोनवरचा बाकीचा आवाज मात्र कॅसेटीपेक्षा चकचकीत होता. तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं की कंपनीवाले जुन्या अल्बमात हात घालतात, आणि जिथे घालायचा तिथे घालत नाहीत. पुढचं रामायण त्यातूनच झालं.

गेल्या दिवाळीला त्यांच्या टेपनं शेवटचा श्वास घेतला. बेल्ट मिळेनात. नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं त्यांना कानात घालायचे वायरचे इअरफोन आणून दिले आणि, 'खुर्ची' फोनवर आधीपासून होतीच, बाकीचे अल्बमही शोधून ठेवले. पौषात, हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याची घाई चालू असताना, मोटरी धडाधड जळण्याच्या ऐन हंगामात, मला फोन आला. "सर, रविवारी या. इंग्रजीत अर्ज लिहाचा हाय." कुणाला म्हटलं, तर "कंपनीले."

मी गेलो तेव्हा कागद, पेन, पुठ्ठा सगळं तयार होतं. भाऊ फार गंभीर होते. "खुर्चीतून त्यायनं गिटारवाला काहाडून टाकला," ते म्हणाले. "बाकी समदे हायत. गानारा हाय, ढोलवाला हाय. तो एकटा नाही. पंचवीस वर्स झाले त्या मानसाले या घरात. काय गुन्हा होता त्याचा?" मला हसू आवरेना, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी पेन उघडलं. ते सांगू लागले, "लिहा. महोदय, आमी शेलूबाजारचे रहिवासी. सदर मानूस कामाले चोख होता. त्याची चूक झाली असन तं समज द्या, पन कामावरून कमी करू नका. आनि काहाडाच्या आधी त्याले नोटीस देल्ली होती का, थेयी कळवा." मी अर्ध्यावर आल्यावर म्हटलं, एकदा ऐकू तर द्या. इअरफोन कानात घातले. गिटार तर डाव्या कानात चांगली खणखणीत वाजत होती. "भाऊ, आहे की हा." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, तुमाले गिटार नाही समजत. तुमी पुढं लिहा."

तेवढ्यात जवळच्या खेड्यातला एक शेतकरी मोटारसायकलला मोटर बांधून आला. चारच दिवसांपूर्वी भाऊंकडून भरून नेलेली. "भाऊ, हे घरघर करून राह्यली अजून." ताई, म्हणजे माझी मेव्हणी, चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. मला नंतर कळलं की त्या महिन्यात परत आलेली ती तिसरी मोटर होती, आणि त्याआधीच्या पंचवीस वर्षांत एकही आलेली नव्हती. भाऊंनी मोटर चालू केली. पेचकस टेकवला, मूठ डाव्या कानाशी नेली, उजवा कान तळहातानं दाबून धरला, डोळे मिटले. मोटर अशी घरघरत होती की मला चार हातांवरून ऐकू येत होतं. भाऊ डोळे उघडून म्हणाले, "मुंगी चालल्यासारखी हाय. आवाज कुठी हाय?" शेतकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. गेला महिनाभर भाऊ मला फोनवर सांगत होते की आताशा मोटरी फार मऊ चालतात, बेरिंगवाले सुधारले.

मी बटण बंद केलं, भाऊंना स्टुलावर बसवलं आणि तेच गाणं लावून त्यांच्या कानात इअरफोन घातले, पण उलटे. उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात. भाऊंचा चेहरा उजळला. "आला," ते म्हणाले. "सर, आला तो. हाच." लहान मुलासारखे हसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मंग ढोलवाला कुठी गेला?"

भाऊंनी स्वतःच इअरफोन काढले, सरळ घातले, पुन्हा उलटे घातले. मोटर आणि लाइन यांत दोष कुठे आहे ते पाहायला तारा अदलाबदल करतात, तसं. मग फोन बंद करून त्यांनी तो पुठ्ठ्यावर, माझ्या अर्ध्या लिहिलेल्या अर्जावर ठेवला. "लाइन बरोबर हाय," ते म्हणाले. "मोटरच गेली." ताईनं चहाचा कप खाली ठेवला. "चार महिन्यांपासून मी भांडून राह्यली का हा मानूस माह्याकडं ध्यानच देत नाही," ती म्हणाली. "माह्यं बसनंच त्यायच्या डाव्या अंगाले असते." आणि पदर डोळ्यांना लावला. भाऊ तिला म्हणाले, "बरं झालं ना मंग. नुसतंच नव्हतं आयकू येत. बाकी काही नाही." त्या शेतकऱ्यालाही वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, मोटर राहू द्या, घाई नाही. आणि पौषात घाई नाही असं कोणता शेतकरी म्हणतो?

वाशिमच्या डॉक्टरांनी तपासलं. मळ असेल अशी मला वेडी आशा होती. डाव्या कानाची नस गेली होती, येण्यातली नव्हती. उजवा कान मात्र ठणठणीत. दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी पेचकस उजव्या हातात घेतला आणि बटणाला डावा. आठवडाभर त्यांची फजिती झाली, दोनदा विजेचा झटकाही बसला. मग सवय झाली. त्या हंगामात हाताखालून गेलेल्या एकूण एक मोटरी त्यांनी गावोगाव, विहिरीविहिरीवर मोटारसायकलनं जाऊन उजव्या कानानं पुन्हा ऐकल्या. सहा मोटरींत दोष निघाला. त्या त्यांनी स्वतः लादून आणल्या आणि स्वतः नेऊन बसवल्या. शेतकऱ्यांना ते कारणही सांगत. मला वाटत होतं, हे कळल्यावर लोक दुसरीकडे जातील. उलट आता कुणी मोटर आणली तर गल्ल्याकडे तोंड करून भाऊंच्या उजव्या बाजूला उभा राहतो.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. भाऊंनी इअरफोनची वायर सोलून दोन्हीकडच्या तारा एकत्र जोडून कथलाचा डाग दिला होता, म्हणजे गिटारवाला आणि ढोलवाला दोघेही एकाच कानात यावेत. काम इतकं सफाईचं की जोड दिसत नव्हता. मी म्हटलं, चला, एक अर्ज वाचला. ते हसले. मग उजव्या कानात इअरफोन घालून 'खुर्ची' बराच वेळ ऐकत राहिले. मी विचारलं, आता किती एचपी? त्यांनी उत्तर दिलं नाही. याआधी हा प्रश्न विचारून उत्तर न मिळाल्याचं मला आठवत नाही.

"आले समदे," शेवटी ते म्हणाले. "गिटारवाला आला, ढोलवाला आला. एकालेयी काहाडलं नाही. पन आता एकाच खोलीत दाटीवाटीनं बसले हायत." समोरच्या दोन भिंतींकडे त्यांनी बोट केलं. टेपचे दोन डबे अजून तिथेच टांगलेले होते. "पयले तो त्या भिताडाकडून वाजवे, आनि हा या भिताडाकडून. मधात जागा होती सर. तिथं मी बसत होतो."

मी काहीतरी बोललो, धीराचं, वेडंवाकडं, आता आठवत नाही. भाऊ समोर पाहत तसेच बसून राहिले. तेव्हा ध्यानात आलं की मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आहे. मी उठलो, मोटरींच्या ढिगाला वळसा घालून उजवीकडे गेलो आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो.